माझा पाऊस का टिकत नाही

३ सप्टेंबर, रविवार

हरले. पण हरल्याचं दुःख लिहायला ही वही उघडलेली नाही. पुरावा ठेवायला उघडली आहे.

ही आमच्या लॅबची जुनी वही. पुढच्या बाजूनं डॉक्टरांकडून आलेल्या दातांच्या ठशांच्या नोंदी, कवळीची मापं आणि दातांच्या रंगाची छटा लिहिलेली आहे. मागच्या बाजूनं मी सुरू केलं आहे. इकडे कोणी पाहणार नाही. 'कोणी' म्हणजे गोगल्या. माझा धाकटा भाऊ, वय छत्तीस. आई त्याला गोगलगाय म्हणायची, कारण शाळेची बस रोज त्याच्या डोळ्यांदेखत जायची. लॅबमध्ये आम्ही दोघंच कवळ्या करतो आणि वरच्या मजल्यावर दोघंच राहतो.

खेळाचं वेड त्यानंच लावलं. मागच्या वर्षी आई गेली, मी घरात नुसती भिंतीकडे बघत बसायचे, तेव्हा त्यानं व्हिडिओ गेमचा एक कन्सोल आणून माझ्या हातात दिला. मॉन्स्टर पाळायचे, शिकवायचे आणि दुसऱ्याच्या मॉन्स्टरशी लढवायचे. सहा जणांची टीम, मैदानात एका वेळी दोन. आता दर रविवारी वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये आमचा अकरा जणांचा क्लब भरतो. पंधरा ऑक्टोबरला स्पर्धा आहे. मी जिंकणार असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे.

माझी टीम पावसाची आहे. झारी नावाचा एक पोट सुटलेला पक्षी आहे (नाव मी ठेवलं). झारी मैदानात उतरली की आपोआप पाऊस लागतो आणि पाच खेळ्या टिकतो. पावसात पाण्याचा मार दीडपट बसतो. शिवाय माझा शिंगाडा, अंगभर काटे असलेला पाण्यातला प्राणी, पावसात दुप्पट चपळ होतो. पाऊस आहे तोवर आम्हाला कोणी हात लावू शकत नाही.

पण क्लबमधल्या ग्रंथपालबाईंकडे शेगडी आहे. पाठीवर चूल घेतलेलं कासव. ती उतरली की ऊन पडतं, आणि उन्हात पाण्याचा मार निम्मा होतो. आज आम्ही दोघींनी झारी आणि शेगडी एकदमच सोडल्या. माझी झारी चपळ. मी तिला मुद्दाम चपळ केली आहे, महिना घालवून. पडद्यावर आधी आलं, 'पाऊस सुरू झाला.' लगेच खाली आलं, 'ऊन कडक झालं.' आणि माझा पाऊस गायब. आज तीन सामने खेळले, तिन्ही वेळा हेच. आधी मी आले, मग माझा पाऊस पुसला कसा जातो?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शिंगाड्याला मी एक ढाल दिली होती. पहिला फटका, कसाही असो, ती झेलते आणि फुटते. ती कोणाला दिसत नाही, कोणाला माहीत नसते. बाईंनी पहिलाच फटका हलका मारून ढाल फोडली आणि मग खरा मारला. जणू त्यांना कोणी सांगितलं होतं.

ढालीची गोष्ट जगात दोघांना माहीत होती. मला आणि गोगल्याला. कुठेतरी पाणी मुरतंय.


५ सप्टेंबर

सकाळी मेणाच्या दातांची ओळ लावत होते. गोगल्या त्याच्या बेंचवरून म्हणाला, "ताई, मला एक…"

"पॉलिशची मोटर अडकतेय, माहितेय. माणूस बोलावलाय."

"नाही, ते… तुझ्या पावसाचं. जे शेवटी येतं ना, ते…"

"शेवटी काय येतं ते मला माहितेय. तू तो वरचा जबडा आज संपव."

त्यानं जबडा पुढ्यात ओढला. त्याचं हे असंच आहे. एक वाक्य पूर्ण करायला एवढा वेळ लावतो की समोरच्याला दया येऊन त्याचं वाक्य आपणच संपवावं लागतं. मी तीस वर्षं संपवते आहे.

संध्याकाळी तो खोलीचं दार लावून कन्सोल घेऊन बसला. दार का लावायचं? मी चहाचं निमित्त करून आत गेले. त्यानं पडदा उलटा धरला.

"काय करतोयस?"

"अंडी उबवतोय."

"कसली?"

"एक आहे," असं म्हणून हसला. नवीन मॉन्स्टर हवा असला की आम्ही अंडी उबवतो, हवा तसा निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. पण तो तर स्पर्धेत उतरणार नाही म्हणाला होता. मग अंडी कोणासाठी?


१० सप्टेंबर, रविवार

आज डोळ्यांत तेल घालून बसले होते.

माझ्या सामन्यानंतर (पुन्हा ऊन, पुन्हा हार) गोगल्या वर पुस्तकांच्या कपाटांकडे गेला. पाच मिनिटांनी ग्रंथपालबाईही काहीतरी विसरल्यासारखं करून वर गेल्या. मी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेले. बोलणं ऐकू आलं नाही. फक्त बाई हसल्या ते ऐकू आलं. माझ्या टीमला हसल्या असणार.

खाली आला तो तीन पुस्तकं घेऊन. शाळा सुटल्यापासून ज्यानं औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पूर्ण वाचला नाही, तो गेल्या दीड महिन्यात एकवीस पुस्तकं घरी घेऊन आला आहे. आज आणलेली: फळझाडांची छाटणी, समुद्रातले दिवे, आणि एका राणीचं चरित्र. यांत समान काय आहे? काहीही नाही. म्हणजे पुस्तकं महत्त्वाची नाहीत. पुस्तकांच्या आत काय येतं-जातं ते महत्त्वाचं.

तो अंघोळीला गेल्यावर मी तिन्ही पुस्तकं उलटी धरून झटकली. फळझाडांतून चिठ्ठी पडली. बाईंचं अक्षर, वाचनालयाच्या पाट्यांवर असतं तेच. जशीच्या तशी उतरवून ठेवते:

'रविवारी पाचनंतर चालेल.'

काय चालेल? माझा क्लब पाचला सुटतो. म्हणजे मी गेल्यावर. चिठ्ठी होती तिथे परत ठेवली, पान चौसष्ट.


१४ सप्टेंबर



दुपारी गोगल्या फोन घेऊन गॅलरीत गेला. मी खिडकीच्या आत साचा धुण्याच्या सिंकपाशी होते, नळ बंद केला. त्याचे शब्द असे होते: "नाही, ताईला अजून नाही सांगितलं. सांगतो. तिला… तिला धक्का बसेल. योग्य वेळ बघून सांगतो." मग बराच वेळ तिकडून बोलणं. मग तो म्हणाला, "तिचं माझ्याशिवाय कोण आहे?"

सख्खा भाऊ केसानं गळा कापतो आणि वर माझी कीवही करतो!

ऐकण्याच्या नादात मी वृद्धाश्रमातल्या आजींच्या कवळीचा साचा वेळेआधी उघडला. आत प्लॅस्टर अजून ओलं होतं. खालचा जबडा दोन तुकड्यांत हातात आला. गोगल्या आत आला, तुकडे बघितले आणि स्वतःचं काम बाजूला ठेवून तो नव्यानं करायला घेतला. अपराधी माणसं अशीच वागतात.


१७ सप्टेंबर, रविवार

सापळा लावला आहे. जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "शिंगाड्याच्या जागी मी वीजपंख घेणार. पावसात त्याची वीज कधीच चुकत नाही." हे साफ खोटं आहे. वीजपंख माझ्याकडे नाहीच. हे मी फक्त गोगल्यालाच सांगितलं. आता पुढच्या रविवारी बाई विजेला तोंड देणारा कोणी घेऊन आल्या, की दोन आणि दोन चार.

तो म्हणाला, "वीजपंख? पण ताई, त्यापेक्षा झारी…"

"झारीला मी हात लावणार नाही."

"हात नको लावूस. फक्त ती जर जरा हळू…"

इथे मात्र माझ्या हातातला चमचा थांबला. हळू! मी महिनाभर राबून तिला चपळ केली आणि हा मला सांगतो हळू कर. या खेळात कोण कोणाला हळू हो म्हणतं? ज्याला आपण हरावं असं वाटतं तोच.


२४ सप्टेंबर, रविवार

बाई विजेविरुद्ध कोणालाही घेऊन आल्या नाहीत. नेहमीचीच टीम, नेहमीचीच शेगडी.

आधी मला वाटलं आपण चुकलो. घरी येईपर्यंत उलगडा झाला. त्यांना सापळ्याचा वास लागला होता. मुद्दाम काही बदललं नाही, म्हणजे मला वाटावं की गोगल्या निर्दोष आहे. ताकास तूर लागू देत नाहीत. माणसं माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ पोचलेली आहेत.

आणि ढाल त्यांनी आज पुन्हा हलक्या फटक्यानं फोडली.

पंचाचं काम करणारे ड्रायव्हरकाका (तीस वर्षं बस चालवली, आता सगळ्यांचे वाद सोडवतात) यांना मी बाजूला घेऊन विचारलं, की बाईंचा कन्सोल एकदा तपासता का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही दोघी एकदम उतरल्यावर काय होतं ते एकदा नीट बघा. घाईघाईनं पुढचं बटण दाबता तुम्ही." म्हणजे काकाही त्यांच्याच बाजूचे.


२९ सप्टेंबर

गोगल्या सकाळी न्हाऊन, दाढी करून बेंचवर आला. डोळे लाल होते. तरी खुशीत.

"ताई, ही घे. पाठवलीये तुझ्या कन्सोलवर."

"काय?"

"झारीच आहे. पण हळू. सगळ्यात हळू, याहून हळू निघतच नाही. हिला टीममध्ये घे. म्हणजे बघ, शेगडी आधी… आणि ही नंतर…"

"नंतर मरेल. कळलं. ठेवून दे."

त्यानं हातातला ब्रश पुसला, पुन्हा पुसला. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मी ती भेट स्वीकारली, कारण नाकारली असती तर मला संशय आहे हे त्याला कळलं असतं. पण उघडूनही बघितली नाही. तशीच साठवणीच्या खणात टाकली.

खरं सांगायचं तर मला खेळात हरण्याची एवढी भीती नाही. भीती दुसरीच आहे. या घरात आता दोनच कप लागतात. तो एक जर तिकडचा झाला, तर मी संध्याकाळी कोणाशी भांडायचं? हे लिहिलं, पण पुसायला हवं होतं.


८ ऑक्टोबर, रविवार

चांगला दिवस. बाई सोडून चार जणांशी खेळले आणि चौघांनाही धुऊन काढलं. ज्यांच्याकडे ऊनच नाही त्यांच्यापुढे माझा पाऊस काय कोसळतो! शिंगाडा असा सुटला की समोरच्याला श्वास घ्यायला वेळ नाही. नेहमीप्रमाणे प्रत्येक जिंकलेल्या सामन्यानंतर 'जपून ठेवा' दाबलं, म्हणजे अख्खा सामना पुन्हा बघता येतो. त्यांना मी नावंही देते. आजची नावं: 'असा झोपवला', 'शिंगाड्याची ढाल, भाग ७', 'बिचारा'. रात्री जेवताना बघायला बरं वाटतं.

गोगल्या पाचनंतर थांबला. म्हणाला पुस्तकं बदलायची आहेत. तीनच दिवसांपूर्वी बदलली होती.


१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज टीमची यादी द्यायचा शेवटचा दिवस होता. एकदा दिली की बदलता येत नाही. सहाच्या आत द्यायची होती. मी चारलाच दिली. झारी, चपळ झारी, पहिल्या क्रमांकावर.

आल्यावर लॅबमध्ये गोगल्यानं विचारलं, "कोणती झारी दिलीस?"

ते ऐकलं आणि माझा तोल गेला. पाच आठवडे साठवलेलं सगळं बाहेर आलं. ढाल. चिठ्ठी, पान चौसष्ट. गॅलरीतला फोन. एकवीस पुस्तकं, ती आता तीस झाली आहेत. दार लावून उबवलेली अंडी. मी तारखांसकट सांगितलं, कारण तारखा माझ्याकडे होत्या. शेवटी म्हणाले, "त्या बाईसाठी तू मला विकलंस."

तो पांढरा पडला. म्हणजे पकडला गेला.

"ताई, तू… चिठ्ठी वाचलीस?"

"वाचली."

"मी… मी तिला तुझं एकही…"

"काही सांगितलं नाहीस. हो ना? मग कोणी सांगितलं, मी?"

त्यानं एप्रन काढून खिळ्याला लावला. कवळीचा साचा बंद केला, गॅस बंद केला, नळ बघितला. घर सोडून जातानाही हा माणूस सगळं सावकाश करतो. दारात उभा राहिला. ओठ हलले, काहीतरी येत होतं. मी म्हणाले, "जा आता."

गेला. ड्रायव्हरकाकांकडे एक खोली रिकामी आहे, तिथे असणार.

मी बरोबर होते. मग रडू कशाचं येतं आहे?


१३ ऑक्टोबर

काम: दोन पूर्ण कवळ्या, एक दुरुस्ती. कोणाचीही वाक्यं संपवायला लागली नाहीत.


१५ ऑक्टोबर, रविवार

दुपार आणि संध्याकाळ दोन्हीबद्दल लिहायचं आहे. क्रमानं लिहिते, नाहीतर मी पुन्हा काहीतरी आधीच ठरवीन.

तीन सामने जिंकले. अंतिम सामना, अर्थातच, ग्रंथपालबाई. गोगल्या आला होता, अगदी मागे, खांबाला टेकून. कोणाकडेच बघत नव्हता. बाईंनीही त्याच्याकडे बघितलं नाही, आणि त्यांचेही डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, भांडले असतील वाटणीवरून.

दोघींनी एकदम सोडलं. झारी आणि शेगडी. 'पाऊस सुरू झाला.' 'ऊन कडक झालं.' मी पुढचं बटण दाबणार, तेवढ्यात काकांचं बोलणं आठवलं आणि अंगठा थांबवला. पडद्याकडे बघत राहिले. दोन ओळी होत्या. माझी वर, त्यांची खाली. माझी झारी चपळ म्हणून तिचा पाऊस आधी. शेगडी हळू म्हणून तिचं ऊन नंतर. आणि आभाळात एका वेळी एकच काय ते राहतं. जे शेवटी येतं ते.

जे शेवटी येतं ना, ते. पाच सप्टेंबर.

आता काय करणार, यादीत चपळच होती. मी झारीला परत बोलावलं आणि दोन खेळ्यांनी पुन्हा सोडलं, म्हणजे या वेळी ती शेगडीच्या नंतर आली. पाऊस टिकला! शिंगाडा सुटला. बाईंचे दोन आडवे झाले. पण त्या दोन खेळ्यांत माझंही पुष्कळ गेलं होतं. एकाच फटक्यानं हरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटतं दोघींसाठी.

हात मिळवताना मी विचारलंच. "माझ्या ढालीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. "कोणी म्हणजे? तुम्हीच."

त्यांनी त्यांच्या कन्सोलवर मला क्लबचं पान दाखवलं. 'असा झोपवला.' 'बिचारा.' 'शिंगाड्याची ढाल', भाग एक ते सात. 'जपून ठेवा'च्या खाली बारीक अक्षरात एक चौकट असते, 'सर्वांना पाहू द्या', आणि तिच्यात आधीपासूनच खूण केलेली असते. मी चष्मा वर करून दाबत होते. माझा एकूण एक जिंकलेला सामना अकराही जणांनी पाहिला होता. "आम्ही सगळे बघतो," बाई म्हणाल्या. "नावं फार छान असतात."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा मी त्याला गंमतीत विचारलं होतं, ताई काय आणणार आहेत. तर म्हणाला, ते ताईचं आहे. आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही."

वळून बघितलं तर खांबापाशी कोणी नव्हतं.

आता संध्याकाळ. घरी आले. गोगल्याचा कन्सोल बेंचवर चार्जिंगलाच राहिला होता, गुरुवारपासून. मी तो उघडला. कबूल करते, अजूनही थोडा संशय होता. सवय एकदम जात नाही. मला वाटलं, शेगडीची पिल्लं दिसतील. आत झारीच झारी. साठवणीचे सात खण भरलेले, दोनशे बारा झाऱ्या. खेळात प्रत्येकीच्या माहितीत अंडं कधी फुटलं ती तारीख असते.

मी ही वही शेजारी उघडून बसले आणि तारखा लावत गेले.

पाच सप्टेंबर, मी चहा घेऊन आत गेले तो दिवस: अकरा झाऱ्या. दहा सप्टेंबर, मी त्याची पुस्तकं झटकली: नऊ. चौदा, गॅलरीतला फोन, फुटलेला जबडा: त्या दिवशीही चार. सतरा, माझा सापळा: सोळा. त्या दिवशी तो जेवणावरून लवकर उठला होता आणि मी लिहायचं ठरवलं होतं की अपराधी मनाला भूक लागत नाही. मग पुढे रोज. प्रत्येकीचा वेग बघून, थोडी चपळ निघाली म्हणून बाजूला टाकलेली. अठ्ठावीस सप्टेंबरला एकही उरलेली नाही, कारण त्या दिवशीची त्यानं मला दिली.

माझ्या कन्सोलवरचा खण उघडला. सतरा दिवस ती तिथे पडून होती. गोलमटोल, ढिम्म. नाव त्यानं ठेवलं होतं: 'ताईची'.

वहीची ही मागची बाजू मी पुरावा म्हणून लिहिली. पुरावा चोख आहे. फक्त तो माझ्याविरुद्ध आहे.


१६ ऑक्टोबर

काकांच्या दारात गेले. गोगल्या कामाला निघतच होता, म्हणजे आमच्याकडेच, एप्रन घालायला. "आजींची खालची कवळी आज द्यायचीये," म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं.

मी म्हणाले, "माझं चुकलं. ढाल मीच सगळ्यांना दाखवली. तू काहीच केलं नव्हतंस." बरंच काही ठरवून गेले होते, त्यातलं एवढंच आलं. तो बुटाकडे बघत होता. मग म्हणाला, "चल. साचा उघडायचाय."

दिवसभर शेजारी काम केलं. साचा पूर्ण थंड होईपर्यंत मी हात लावला नाही. कवळी एकसंध निघाली.


१८ ऑक्टोबर

आज दुपारी मोटर बंद करून गोगल्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. हातावर प्लॅस्टर तसंच. "ताई, मला एक…"

आणि थांबला.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तीस पुस्तकं, चिठ्ठी, सुजलेले डोळे, 'माझ्याशी बोलला नाही'. दोन आणि दोन चार व्हायला मला सहा आठवडे लागले, पण झाले होते. ते पूर्ण करून टाकावं, त्याची सुटका करावी, असं फार वाटलं. माझ्यासाठीही ते सोपं होतं. आपण म्हटलं की ऐकायला लागत नाही.

मी दात घट्ट आवळून बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तो "मला" म्हणाला, मग बराच वेळ काही नाही. मग "तुला वाटेल की मी". मग उठून नळ घट्ट केला, परत आला. पावणेचार मिनिटं लागली. मी एकही शब्द भरला नाही.

ऐकून झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो घाबरला. म्हणाला, "मी कुठे जात नाहीये, ताई. लॅब आहेच. आणि तिला… तिला तुझे सामने आवडतात."

नाक पुसलं. म्हटलं, मग तिला एकदा घरी आण. कधी जमेल तिला?

तो कानापर्यंत लाल झाला.

"रविवारी पाचनंतर चालेल," म्हणाला.